ओंजळ सुटेपर्यंत

फळ्यावर पाच शब्द लिहून झाले होते, सहावा लिहायचा नव्हताच. तरी कुंथुनाथ मगदूम खडू फळ्याला टेकवून तसाच उभा राहिला, कारण खिडकीबाहेर व्हरांड्याच्या खांबाला टेकून त्याचे दाजी उभे होते. आप्पाण्णा सदलग्याहून बेळगावात यायचे ते कोर्टाच्या कामाला, आणि आले तरी कॉलेजात कधी पाऊल टाकत नसत. डोक्याला पटका, काखेत छत्री, चेहरा वाळलेला. वर्गातली पोरं कुजबुजायला लागली. सत्ता, ज्ञान, तर्क, नीती, सौंदर्य. परीक्षा तोंडावर आली की दर वर्षी तो हे शब्द एकाखाली एक लिहायचा आणि सांगायचा की या तत्त्वज्ञानाच्या शाखा आहेत असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण खरं म्हणजे हे माणसाचे जुने प्रश्न आहेत: काय आहे, ते कशावरून कळलं, एका गोष्टीवरून दुसरी निघते का, कसं वागावं, आणि सुंदर कशाला म्हणावं. पोरं मान खाली घालून उतरून घ्यायची. प्रश्नसुद्धा उत्तरासारखे उतरून घ्यायची. त्याचा त्याला राग यायचा, पण तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. राग आला की त्याचं अक्षर लहान व्हायचं. आज फळ्यावरचा 'सौंदर्य' हा शब्द शेवटच्या बाकावरून दिसतही नव्हता.

घंटा झाली. व्हरांड्यात आप्पाण्णांनी नमस्कार केला नाही, पाणी मागितलं नाही. महाराज सदलग्यात आलेत, ते म्हणाले. दोन दिवस झाले, विधी मिळत नाही. पाण्याचा थेंब पोटात नाही. आणि नेमके त्याच वेळी तर्काचा तास संपवून दत्तोपंत शेजारून चालले होते. बेळगावातल्या जुन्या घरातला, नीटनेटक्या उपरण्याचा माणूस. कुंथुनाथचा त्या कॉलेजात स्नेही म्हणावा असा तोच. कोण महाराज, असं त्यांनी साधंच विचारलं. आणि आप्पाण्णा तितक्याच साधेपणानं म्हणाले, "कोन म्हंजे? ह्येंचं वडील की."

दत्तोपंत थांबले. एखाद्या हुशार मुलाच्या उत्तरपत्रिकेत ढोबळ चूक सापडावी, तसं त्यांनी कुंथुनाथकडे पाहिलं. "तुम्ही तर म्हणाला होता, ते लहानपणीच…" एवढं बोलून त्यांनी उरलेलं सभ्यपणे गिळून टाकलं. कुंथुनाथ होय म्हणाला. नुसतंच होय. आठ-दहा वर्षं तो या माणसाबरोबर संध्याकाळी किल्ल्याच्या खंदकाकडेनं फिरत होता, सत्य म्हणजे काय यावर वाद घालत होता, आणि त्याला सांगून बसला होता की वडील वारले. खोटं बोलताना त्यानं स्वतःशी एक युक्तिवाद केला होता: दीक्षा घेतलेला माणूस घराला मेलेलाच असतो, घराला जो मेला तो माझा वडील म्हणून मेला, म्हणून माझे वडील वारले. विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर त्यानं लाल शाईनं आडवी रेघ मारली असती. कानाच्या पाळ्या तापल्या. दत्तोपंतांचा राग आला, दाजींचा आला, आणि दोन तालुक्यांपलीकडे उपाशी बसलेल्या त्या म्हाताऱ्याचा तर असा आला की हातातला खडू मोडला.

निपाणीच्या मोटारीत दोघं शेजारी बसले. बोलायचं काय ते दाजींनी व्हरांड्यातच सांगून टाकलं होतं. दिगंबर मुनी आहाराला निघतात तेव्हा मनाशी एक अट धरतात, तिलाच विधी म्हणतात, हे कुंथुनाथला लहानपणापासून माहीत होतं. दारात जोडपं उभं असेल आणि बाईच्या हातात नारळ असेल, तरच. किंवा तीन भाऊ एका ओळीत असतील, तरच. किंवा कुणाच्या हातात डाळिंब असेल, तरच. ती अट कुणाला सांगायची नाही. गावानं आपापल्या दारात शुद्ध स्वयंपाक करून, धुतल्या कपड्यानं, हातात काहीबाही घेऊन उभं राहायचं. महाराज गल्लीतून एक फेरी मारणार. अट जिथं जुळली तिथं थांबणार, नाही जुळली तर तसेच देवळात परतणार. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. सदलग्यानं दोन दिवसांत केळी, कलश, ऊस, पुस्तक, जोडपी, विधवा, जुळे भाऊ, सगळं उभं करून पाहिलं होतं. पासष्टी उलटलेला देह, मार्चातलं ऊन. आणि कालपासून गावात एकच बोललं जात होतं: महाराजांच्या मनात त्यांचा लेक असणार.

मोटार हत्तरगीच्या चढावर गुरगुरत होती आणि कुंथुनाथच्या डोक्यात त्या वाक्याचा किडा फिरत होता. असणार. कशावरून? दुसऱ्याच्या मनात काय आहे हे कळायचं साधन कुठलं? डोळ्यांनी दिसत नाही, तर्कानं निघत नाही, आणि सांगणाऱ्यानं न सांगण्याचंच व्रत घेतलेलं. ज्ञानमीमांसेच्या धड्याला इतकं चांगलं उदाहरण त्याला उभ्या जन्मात सुचलं नव्हतं. आणि लगेच त्याला स्वतःचीच शिसारी आली, की एक माणूस तहानेनं मरायला टेकलाय आणि आपण उदाहरण शोधतोय. मग त्या शिसारीचाही राग आला. समजा असेल त्याच्या मनात. मग ही कसली विरक्ती? सगळं सोडलं, वस्त्रसुद्धा सोडलं, आणि शेवटी पोटच्या पोराच्या दारात स्वतःची भूक टांगून ठेवायची? ये, नाहीतर मरतो. याला व्रत म्हणायचं का अडवणूक? आणि समजा नसेल. समजा त्याच्या मनात दोन घागरी घेतलेली एखादी बाई आहे, आणि लेकाचा विचारही नाही. तर? हे दुसरं तर पहिल्यापेक्षा जास्त झोंबलं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. निपाणी जवळ आली होती. वखारींतून तंबाखूचा उग्र खाट मोटारीत शिरला आणि समोरची बाई शिंकली.

त्या वासात त्याचं सगळं शिक्षण होतं. वडील दीक्षा घेऊन गेल्यावर आई याच गावात वखारीत पानं निवडायला बसली आणि तो बोर्डिंगात राहिला. दीक्षा झाली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. सदलग्याच्या माळावर मांडव घातला होता, आसपासच्या गावांतून गाड्या जुंपून माणसं आली होती. वडील, तेव्हाचे भुजबली मगदूम, मांडवाच्या मधोमध पाटावर बसून स्वतःच्या हातानं स्वतःचे केस उपटत होते. मूठ मूठ. राख लावायची, चिमूट धरायची, ओढायची. माणसं जयजयकार करत होती. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं डोळे पुसत म्हटलं होतं, किती सुंदर दिसतंय बघ तुझं आप्पा. सुंदर! पुढं पुण्याला सौंदर्यशास्त्राची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचताना प्रत्येक पानावर त्याला ती रक्ताळलेली टाळू दिसायची. आईला बायकांनी मांडवाच्या कडेला धरून बसवलं होतं. रडायचं नाही, असं तिला बजावलं होतं. दीक्षेत रडणं अशुभ. तिनं पदराचा बोळा दातांखाली धरला होता. आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती आरशापुढं कुंकवाची डबी उघडून बसली ती बसूनच राहिली. लावायचं का नाही लावायचं? नवरा आहे का नाही? ज्याला पुढं तो सत्तामीमांसा म्हणायला शिकला, ती त्यानं पहिल्यांदा त्या डबीपाशी पाहिली. आई जिवंत होती तोवर रोज सकाळी क्षणभर थांबायची. त्या थांबण्याचं उत्तर कुणी दिलं नाही, ना भटानं, ना पंचांनी, ना मुनींनी.

सदलग्यात पोचेपर्यंत दिवस कलला होता. आक्का, त्याची थोरली बहीण ब्राह्मी, दारातच उभी होती. दिवस मावळायच्या आत तिनं त्याला जेवायला वाढलं, कांदा-बटाटा नसलेलं, आणि तो जेवत असताना समोर बसून उद्याचं सांगत राहिली. पहाटे आंघोळ, धुतलेलं धोतर, चौक्यात, म्हणजे सोवळ्याच्या स्वयंपाकाच्या जागी, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. महाराज थांबले तर तीन प्रदक्षिणा, पाद्यपूजा. मग म्हणायचं: मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी, आहार-जल शुद्ध आहे. जो जो ओंजळीत घास घालणार त्यानं हे म्हणायलाच पाहिजे. नाहीतर महाराज घेत नाहीत. आणि एकदा ओंजळ जुळली की जपायचं. अन्नात केस निघाला, किडा निघाला, कुणी रडलं, की अंतराय. ओंजळ सुटते, त्या दिवसाचा आहार संपला. गेल्या साली चिकोडीला एक म्हातारी महाराजांना बघून मोठ्यानं रडली आणि चौथ्या घासाला ओंजळ सुटली. "तवा रडू नगंस बाबा," आक्का म्हणाली.

आपण शेवटचं कधी रडलो ते आठवत नाही, असं तो म्हणाला. मग ताटात हात ठेवून म्हणाला की मी दारात उभा राहीन, नारळ धरीन, काय म्हणशील ते करीन. पण मन शुद्ध आहे असं म्हणणार नाही.

"का?"

"शुद्ध नाही म्हणून."

"ते कुनी बघितलंय?"

"मी बघितलंय."

आक्कानं वाढायचा चमचा खाली ठेवला. ती शिकलेली नव्हती. पण वाद घालायला तिला कधी शिक्षणाची गरज पडली नव्हती. बेळगावात बाप मेला म्हणून सांगत फिरतोस, तवा कुठं गेलतं तुझं शुद्ध-अशुद्ध, असं तिनं सरळ विचारलं. दाजींनी वाटेत गावातल्या कुणाशी बोलताना व्हरांड्यातलं सांगितलं असणार, आणि ते त्या दोघांच्याआधी घरी पोचलं असणार.  नीतीच्या तासाला कुंथुनाथ नेहमी एक कोडं घालायचा: खोटं बोलून कुणाचा जीव वाचत असेल तर बोलावं का? पोरं दोन्ही बाजूंनी बोलायची, तास रंगायचा, घंटा व्हायची आणि कुणाचंच काही जायचं नाही. आता त्याला त्या रंगलेल्या तासांची लाज वाटली. ही अट कुणी केली? म्हाताऱ्याचा घसा कोरडा पडलेला, आणि त्याच्या घोटभर पाण्यावर माझ्या मनाचा दाखला मागणारे हे कोण?

"माजं बी न्हाय शुद्ध," आक्का हळू म्हणाली. "लगीन हून आले तवापास्नं कितीक म्हाराज जेवून गेले ह्या घरातनं. दर वक्ताला म्हनते. एकदा बी खरं नव्हतं. त्या मानसाचा राग हाय तो हायच."

 आक्काला राग आहे, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. तो समजत होता, सगळा राग आईनं जाताना त्याच्या एकट्याच्या नावावर ठेवला आहे.

"मग म्हणतेस कशाला?"

"त्येंला भूक लागलेली असती म्हनून."

सकाळी तो धुतल्या धोतरानं, उघड्या अंगानं, हातात नारळ घेऊन दारात उभा राहिला. एका बाजूला आक्का कलश घेऊन, दुसऱ्या बाजूला आप्पाण्णा. गल्लीत प्रत्येक दारात अशीच माणसं उभी होती आणि सगळी त्याच्याकडे बघत होती. छाती बोडकी, चष्मा घातलेला, प्रोफेसर. तो लहानपणापासून लोकांच्या नजरेला भिणारा. वर्गात शिरण्याआधी अजूनही त्याच्या तळव्यांना घाम सुटायचा. आता नारळ निसटतो का काय असं झालं. मग देवळाच्या कोपऱ्यावरून ते आले. एका हातात कमंडलू, दुसऱ्यात मोरपिसांची पिच्छी, नजर जमिनीवर चार हातांपलीकडे. त्यानं त्यांना मांडवानंतर पाहिलंच नव्हतं. हा माणूस इतका बुटका होता का? बरगड्या मोजता याव्यात अशा, पाय धुळीनं पांढरे, आणि पाऊल ठेवायच्या आधी जमीन बघण्याची ती सवय. आपल्या पायाखाली कुणाचा जीव जाऊ नये म्हणून.

आणि उसळलाच राग. आडावर बापाबरोबर जायचा तो सात वर्षांचा असताना. पाणी गाळून झालं की वडील त्या फडक्यातला न दिसणारा गाळ चांगल्या पाण्यानं भांड्यात उतरवायचे आणि भांडं दोरानं आडाच्या तळापर्यंत सोडायचे, वरून ओतायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. 'ज्यांचं घर जिथं, तिथं पोचवावं त्यांना,' असं म्हणायचे आणि त्याच्या लहान हाताला दोर धरायला शिकवायचे. हळू. हळू सोड. डोळ्यांना दिसत नाहीत अशा जिवांना हा माणूस घरी पोचवत होता. आणि अकरा वर्षांचं पोर, चांगलं दिसणारं, हाक मारणारं पोर, त्याला मात्र माळावरच्या गर्दीत सोडून गेला.

पहिलं दार, दुसरं दार. 'नमोऽस्तु, नमोऽस्तु, अत्र तिष्ठ,' असा कल्लोळ दारादारातून उठत होता. पावलं थांबत नव्हती. पावलं त्यांच्या दारापुढून गेली. पुढं गेली. कुंथुनाथच्या तोंडून ओरडल्यासारखं निघालं, "अत्र तिष्ठ!" पुढचं त्याला येत होतं की नाही हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. पावलं थांबली. वळली. त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन उभी राहिली.

 आक्का, दाजी आणि तो, तिघांनी प्रदक्षिणा घातल्या, मागं न बघता त्यांना आत आणलं, पाय धुतले. पाय त्यानंच धुतले. टाचांना खोल भेगा होत्या. मग ते उभे राहिले, भिंतीशी, हात जुळवायच्या तयारीत. आक्का शुद्धीचे शब्द म्हणाली, दाजी म्हणाले. मग सगळे त्याच्याकडे बघायला लागले. म्हाताऱ्याचे ओठ पांढरे पडले होते, पाण्यासाठी घसा हलत होता, आणि डोळे खालीच होते. विचारत नव्हते. मागत नव्हते. मागितलं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं.

"मनशुद्धी," कुंथुनाथ म्हणाला. "वचनशुद्धी. कायशुद्धी. आहार-जल शुद्ध आहे."

इतकं सोपं होतं. घराचा वासा हलला नाही. सत्यासाठी अंगावरचा धागासुद्धा सोडलेल्या माणसाला त्यातलं खोटं कळलं नाही, किंवा कळूनही त्यानं हात पुढं केले. ओंजळ जुळली. आधी पाणी. कुंथुनाथनं तांब्या कलता धरला. घोट खाली उतरताना गळ्याची कातडी हलत होती, थेंब हनुवटीवरून छातीवर पडत होते. मग भात आणि दूध. तो एकेक घास ओंजळीत ठेवू लागला. आणि घास ठेवताना त्याला उजव्या अंगठ्यावरचा तो आडवा व्रण दिसला. उसाच्या पेराची साल काढताना कोयता लागला होता. ऊस त्याच्यासाठी सोलत होते. त्यानं हट्ट केला होता. रक्त बघून तोच रडला होता आणि वडील हसले होते.

नाकात झणझणलं. घशात गाठ आली आणि ती वर सरकायला लागली. आक्कानं ते पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. एक हुंदका, आणि ही ओंजळ सुटणार. तिसऱ्या दिवशीची ओंजळ, चार घासांवर. कुंथुनाथनं दात आवळले आणि रागाला हाक मारली. ये. आता ये. आयुष्यभर न बोलावता येत होतास, आता ये. मांडव आठव. रक्ताळलेली टाळू आठव. घास. आईच्या तोंडातला पदराचा बोळा आठव. घास. कुंकवाची डबी. रोज सकाळी थांबलेलं तिचं बोट. घास. वखारीतल्या धुळीनं काळी पडलेली तिची थुंकी, ती गेली तेव्हा याला निरोप पाठवला होता, आणि निरोप नेणारा परत येऊन म्हणाला होता, त्यांनी ऐकलं आणि सामायिकाच्या ध्यानाला बसले. हे आठव. चांगलं आठव. घास. बोर्डिंगातल्या पोरांनी केलेली नागव्याचा पोर ही चेष्टा. घास. दत्तोपंतांची ती नजर. एक संपलं की तो दुसरं शोधत होता, लहानसहान, खरं, अर्धवट, काहीही, सरपण कमी पडल्यावर माणूस दाराची फळी काढून चुलीत घालतो तसं. गाठ खाली जात होती, परत वर येत होती. आपण इतके चिडलेले आजवर कधीच नव्हतो असं त्याला वाटलं, आणि हेही वाटलं की हा राग गेला तर हा माणूस उपाशी राहील. घास. घास. मन शुद्ध आहे असं म्हटलं ते खोटं होतं का खरं, हे आता ठरवता येत नव्हतं, आणि ठरवायला वेळही नव्हता. भात संपला. परत पाणी. म्हातारा घोट घोट पीत होता, पोटभर पीत होता, गडबड न करता.

मग बोटं सैल झाली. ओंजळ आपण होऊन सुटली. आहार पुरा झाला होता.

महाराज पाटावर टेकले. आप्पाण्णा हात जोडून पुढं सरसावले. आहारानंतर विचारायला हरकत नसते, आणि त्यांना गावाला सांगायचं होतं. "म्हाराज, विधी काय हुता म्हनावं?"

"दाजी, विचारू नका," कुंथुनाथ म्हणाला. प्रत्येक प्रश्न विचारलाच पाहिजे, असं पोरांना सांगत आलेला माणूस. "पाया पडतो तुमच्या. विचारू नका."

आप्पाण्णा मागं सरले. महाराजांनी मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं का नाही, ते त्या डोळ्यांत लिहिलेलं नव्हतं. त्यांनी सर्वांना दिला तसाच त्यालाही आशीर्वाद दिला, पिच्छी उचलली, आणि जमीन बघत बघत निघून गेले. मागोमाग गल्लीही गेली.

आक्का चौक्यातलं आवरायला लागली. भांड्यांसाठी तिनं पाणी गाळलं, फडकं धुतलं आणि गाळाचं भांडं दोरासकट त्याच्या हातात दिलं.  तो परसातल्या आडावर गेला. भांडं आत सोडलं. दोर तळहातातून सरकत होता. राग अजून होताच. तरी त्यानं धक्का लागू दिला नाही. हळू. हळू सोड. बऱ्याच वेळानं खाली पाणी लागल्याचं दोराला कळलं, भांडं कलंडलं, हलकं झालं. तेव्हा त्यानं आडाच्या दगडावर कपाळ टेकलं. आता कुणाची ओंजळ सुटणार नव्हती.